टाकीला विरजण कशाला?

विषय जरा नाजूक आहे, जेवणाच्या ताटावर वाचावा असा तर मुळीच नाही. पण या पानावर आपण कोलेस्टेरॉलपासून मुलांच्या कॉलेज फंडापर्यंत सगळं वाचतो, मग अंगणात पुरलेल्या त्या दीड हजार गॅलनच्या टाकीनंच काय घोडं मारलंय? आरोग्य आणि पैसा या दोन्हींशी तिचा संबंध येतो, आणि आपल्यापैकी फार थोड्या लोकांनी तिचं झाकण कधी उघडून पाहिलेलं असतं.

बॉस्टनच्या पश्चिमेला सडबरी, वेलँड, ॲक्टन, बॉक्सबरो या गावांत आपली मराठी मंडळी मुख्यतः शाळांसाठी घरं घेतात. घर बघताना किचनचा ग्रॅनाइट, बेसमेंट, शाळेचं रेटिंग या सगळ्याची चौकशी होते. "सेप्टिक आहे" हे वाक्य मात्र कागदपत्रांच्या गठ्ठ्यात कुठेतरी सही करून विसरलं जातं. अमेरिकेत साधारण पाचातलं एक घर अशा स्वतःच्या टाकीवर चालतं. आपण वाढलो ते दादर, डोंबिवली किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. फ्लश केलं की पुढचं सगळं महापालिकेचं. ज्यांचं बालपण कोकणातल्या किंवा देशावरच्या घरात गेलं त्यांना शोषखड्डा निदान ऐकून तरी माहीत असतो. बाकीच्यांना पहिल्या थँक्सगिव्हिंगला खालच्या बाथरूमच्या टबात काळं पाणी वर येईपर्यंत काहीच कळत नाही.

या अज्ञानावर एक छान धंदा चालतो, आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक आख्खी फळी भरून पाकिटं आणि बाटल्या असतात: "अब्जावधी जिवाणू", "नैसर्गिक एन्झाइम्स", "महिन्यातून एकदा कमोडमध्ये टाका आणि निश्चिंत व्हा". काही पाकिटं तर टाकी उपसायची गरजच राहणार नाही असंही सुचवतात. आपल्या मंडळातल्या किती घरांत अशी पाकिटं सिंकखालच्या कपाटात आहेत हे मी गेल्या वर्षभरात सहज चौकशी करून पाहिलं. संख्या सांगत नाही, पण ती बघून हा लेख लिहायचं ठरवलं. माझं मत सरळ आहे. व्यवस्थित चालणाऱ्या टाकीला या पाकिटांची गरज नाही, आणि ती टाकल्यामुळे जो निर्धास्तपणा येतो तो पाकिटाच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आधी टाकीत काय होतं ते पाहू, कारण ते समजलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. घरातलं सगळं सांडपाणी टाकीत येऊन थांबतं. मॅसॅच्युसेट्सच्या नियमाप्रमाणे, म्हणजे ज्याला इथे सगळे टायटल फाइव्ह म्हणतात त्याप्रमाणे, एका बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन पाणी धरतात. चार बेडरूमचं घर म्हणजे ४४० गॅलन, आणि टाकी किमान १५०० गॅलनची. म्हणजे कागदावर तरी पाण्याला तीन दिवसांहून जास्त विश्रांती मिळते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बफर म्हणतो तोच हा प्रकार. या विश्रांतीत जड ते तळाशी बसतं, त्याचा गाळ होतो. तेल-तूप-साबण वर तरंगतं, त्याची साय धरते. मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या पाइपानं लीच फील्डमध्ये, म्हणजे हिरवळीखाली पसरलेल्या खडीच्या चरांमध्ये जातं आणि तिथून मातीत मुरतं. खरी शुद्धी होते ती त्या मातीत. टाकीचं काम एवढंच, की गाळ आणि साय पुढे जाऊ द्यायची नाही.

टाकीतला गाळ पचवणारे जिवाणू हवेविना जगणारे असतात. गोबर गॅसमध्ये काम करतात त्याच जातकुळीतले. ते येतात कुठून? आपल्याच पोटातून. मानवी विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात, आणि चार माणसांचं कुटुंब त्यांचा पुरवठा रोज, न चुकता, फुकट करतं. पाकिटातले अब्जावधी ऐकायला मोठे वाटतात, पण ते टाकीत पडतात तेव्हा तिथे आधीच त्यांच्या कित्येक पट मंडळी पंगतीला बसलेली असते, आणि ती त्या काळोख्या, प्राणवायू नसलेल्या जागेत मुरलेली असते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लागलेल्या दह्याच्या भांड्यात रोज सकाळी नवं विरजण घालण्यासारखं आहे. दही काही जास्त लागत नाही. विरजण मात्र विकत आणावं लागतं.

नव्या टाकीचं काय, असा प्रश्न लगेच येतो. आपल्याकडे नव्या टाकीत शेणकाला ओततात, इथे काही जुनी माणसं यीस्ट टाकायला सांगतात. दोन्हींची गरज नाही. घरात माणसं राहायला आली की टाकी आपोआप सुरू होते. मागे एका पंपिंग कंपनीच्या माणसानं आमच्याकडे टाकी उपसून झाल्यावर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आता सगळे बॅक्टेरिया गेले, नवे घालायला हवेत," आणि साठ डॉलरची एक बाटली बिलात जोडायला निघाला. मी नको म्हटलं. भिंतींना आणि तळाला जेवढं चिकटून राहतं तेवढं आणि त्या रात्रीचे पहिले दोन फ्लश पुरेसे असतात.

आता मुख्य मुद्दा. समजा पाकिटातले जिवाणू खरोखरच पराक्रमी आहेत. तरीही टाकीत जे पडतं ते सगळं पचणारं नसतं. कपड्यांतून निघणारे पॉलिएस्टरचे धागे, केस, वाळू-माती, नारळाचा चोथा, चहाची पत्ती, मसाल्याच्या दगडी तुकड्यांपासून काय काय! शिवाय मेलेल्या जिवाणूंचाही गाळच होतो. त्याची पातळी वाढतच राहते, फक्त सावकाश. तो गाळ टाकीतून बाहेर जायला दोनच वाटा आहेत: ट्रकच्या नळीतून वर, किंवा लीच फील्डच्या पाइपातून पुढे. तिसरी वाट नाही. "आम्ही हे पाकीट टाकतो, म्हणून गेली दहा वर्षं उपसावी लागली नाही" असं कोणी सांगितलं, तर समजावं की गाळ दुसऱ्या वाटेनं जातोय.

हे केवळ माझं तर्कट नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी लोक राहत असलेल्या घरांच्या चालू टाक्यांवर बाजारातली जिवाणूंची उत्पादनं वापरून पाहिली आणि त्याचे निष्कर्ष २००८ आणि २०११ साली प्रसिद्ध झाले. उत्पादन टाकलेल्या आणि न टाकलेल्या टाक्यांमध्ये दखल घेण्याजोगा सरसकट फरक दिसला नाही. ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, हीही घरगुती टाकीला अशा उत्पादनांची शिफारस करत नाही. ती सांगते ते कंटाळवाणं आहे: एक ते तीन वर्षांनी तपासा, तीन ते पाच वर्षांनी उपसा. मॅसॅच्युसेट्समध्ये या उत्पादनांची एक सरकारी यादी आहे आणि काही विक्रेते ती मोठ्या अभिमानानं दाखवतात. ती यादी परवानगीची आहे. वस्तू टाकीला किंवा पर्यावरणाला अपाय करत नाही एवढंच ती सांगते. उपयोग होतो असं प्रमाणपत्र ती देत नाही. पाण्याला विक्रीची परवानगी मिळाली म्हणून ते औषध होत नाही.

जिवाणूंची पाकिटं निदान निरुपद्रवी तरी असतात. रसायनांच्या बाटल्यांचं तसं नाही. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर टाकीतली चरबी विरघळवण्यासाठी लोक सॉल्व्हंट्स ओतत, आणि ती द्रव्यं वाळूतून सरळ भूजलात उतरली. तिथले लोक तेच भूजल पीत होते. तीव्र ॲसिड आणि कॉस्टिक टाकीचं काँक्रीट खातात आणि जिवाणूही मारतात. तुंबलेल्या लीच फील्डमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्याची एक टूम होती, ती मातीची रचनाच बिघडवते असं पुढे दिसून आलं. म्हणून फळीवरच्या बाटलीवर "शॉक ट्रीटमेंट" किंवा "फील्ड रिस्टोअरर" असे शब्द दिसले की दोन पावलं मागे सरावं.

घरोघरच्या गृहिणींची एक भीती मात्र मला आवर्जून दूर करायची आहे: "ब्लीच वापरलं तर टाकी मरते म्हणे." आर्कान्सा विद्यापीठात १९८७ साली याचा अभ्यास झाला. हजार गॅलनच्या टाकीतले जिवाणू मारायला जवळजवळ दोन गॅलन ब्लीच लागलं, आणि त्यानंतरही तीन दिवसांच्या आत ते पुन्हा पूर्वपदावर आले. कपड्यांना कपभर ब्लीच घातल्यानं काही बिघडत नाही. पण त्याच अभ्यासात तुंबलेला नळ मोकळा करायच्या कॉस्टिक स्फटिकांचे केवळ अकरा औंस पुरले! तेव्हा सिंक तुंबला तर ते ओतण्याऐवजी तारेचा स्नेक घालावा.

आता थोडं आपल्या घरांबद्दल, कारण इथल्या माहितीपत्रकांत ते सापडत नाही. आपला स्वयंपाक तेला-तुपाचा. कढईतलं उरलेलं तळण सिंकमध्ये गेलं की गरम पाण्यासोबत ते दिसेनासं होतं, आणि टाकीत गार होऊन साय जाड करतं. दिवाळीच्या फराळाचं तळण डब्यात गोळा करून कचऱ्यात टाकावं, आणि कढई कागदानं पुसून मग घासावी. इडली-डोशाचं उरलेलं पीठ, ताकाची खरवड, डाळीचा तळ हे सगळं गार्बेज डिस्पोजलमध्ये ढकलण्याची आपल्याला सवय असते. डिस्पोजल असेल तर टायटल फाइव्ह लीच फील्ड दीडपट मोठं मागतं, यावरून काय ते समजावं. माझ्या मते सेप्टिकच्या घरात डिस्पोजलचा स्विच टेप लावून बंद करावा आणि अंगणात कंपोस्टचा डबा ठेवावा. पार्श्वभागाला पाण्याचा जेट लावणारे आपले लोक याबाबतीत उलट फायद्यात आहेत, कारण कागद कमी जातो. फक्त "फ्लशेबल" लिहिलेले वाइप्स कृपा करून फ्लश करू नयेत.

मग गणपती. साठ-सत्तर माणसं, दोन बाथरूम, दिवसभर भांडी, आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या बाराएक गाड्या रस्त्यावर मावत नाहीत म्हणून हिरवळीवर चढवलेल्या. ती हिरवळ बहुधा लीच फील्डचीच असते, कारण घराभोवती झाडं नसलेली सपाट जागा तेवढीच. दोन टनांच्या गाड्यांखाली माती दबते, पाइप फुटतात, आणि कळायला वर्ष जातं. गाड्या शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये विचारून लावाव्यात. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कपड्यांचं मशीन लावू नये. आणि हो, अंगणात एक कोपरा सदा ओला असतो म्हणून तिथे अळू छान येतं असं कोणी कौतुकानं सांगितलं, तर वड्या खाण्यापूर्वी तो कोपरा ओला का असतो हे विचारावं. लीच फील्डवर गवताखेरीज काही लावू नये. मेथी-कोथिंबीर तर नाहीच.

आई-वडील भारतातून सहा महिने राहायला येतात, त्याचाही हिशेब धरायला हवा. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाचं एक कोष्टक आहे. १५०० गॅलनच्या टाकीवर चार माणसं असतील तर ४.२ वर्षांनी उपसावं लागतं, सहा असतील तर २.६ वर्षांनी. हा हिशेबही डिस्पोजल नसताना आणि माणसं वर्षभर घरी असतील असं धरून आहे. म्हणजे आजी-आजोबांच्या दोन लांब मुक्कामांनंतर "पाच वर्षं झाली की बघू" हे गणित चालत नाही.

आरोग्याच्या बाजूनं दोन गोष्टी लांबवून सांगण्यासारख्या आहेत. बॉक्सबरोसारख्या गावात सेप्टिकसोबत पिण्याच्या पाण्याची स्वतःची विहीरही असते. लीच फील्ड विहिरीपासून किमान १०० फूट दूर लागतं, पण जुन्या घरांत ते असेलच असं नाही. विहिरीचं पाणी दरवर्षी कोलिफॉर्म आणि नायट्रेटसाठी तपासून घ्यावं. नायट्रेट नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाचं दूध कालवू नये. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यानं कमी होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. आपल्या आज्यांचा उकळण्यावर भरवसा असतो म्हणून मुद्दाम लिहितो. दुसरी गोष्ट झाकणाची. गंजलेलं लोखंडी किंवा तडकलेलं काँक्रीटचं झाकण ताबडतोब बदलावं. खेळणारं मूल आत पडणं ही कल्पनेतली भीती नाही. आणि झाकण उघडलं तर आत डोकं घालून बघू नये. हायड्रोजन सल्फाइड माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. भारतात अशा टाक्यांत उतरून मरणाऱ्या कामगारांच्या बातम्या २०१३ च्या कायद्यानंतरही येतच असतात, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो म्हणून त्या बहुतेक वेळा दोघा-तिघांच्या असतात. ते काम कोणाच्या वाट्याला येतं हे आपण जाणतो, तरी त्याबद्दल बोलत नाही. इथे तेच काम ट्रकची नळी करते आणि ट्रकवाला चांगलं बिल लावतो. ते बिल मला कधीही जड वाटलेलं नाही.

आता पैशाचं. पाकिटाला महिन्याला बारा डॉलर धरले तर चार वर्षांत ५७६ डॉलर होतात. आमच्या भागात एकदा टाकी उपसायला एवढेच किंवा याहून कमी लागतात. म्हणजे पाकिटाच्या पैशांत काम आपोआप होतं, फक्त पाकीट सोडायला हवं. न उपसण्याची किंमत मात्र वेगळी आहे. आपल्यातल्याच एका कुटुंबानं नऊ वर्षं नेमानं पाकिटं टाकली, टाकी एकदाही उपसली नाही. नोकरी टेक्ससला गेली म्हणून घर विकायला काढलं. मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीपूर्वी टायटल फाइव्हची तपासणी लागते. डिस्ट्रिब्यूशन बॉक्समध्ये पाणी पाइपाच्या वर तुंबलेलं निघालं, तपासणी नापास झाली. नव्या लीच फील्डचा अंदाज अठ्ठेचाळीस हजारांचा आला. ग्राहकानं ते किमतीतून वजा मागितले, बँकेनं त्याहून जास्त रक्कम एस्क्रोमध्ये अडकवली, आणि टेक्ससच्या घराचं डाउन पेमेंट त्यात गेलं. घराचा विमा सहसा हा खर्च देत नाही, कारण ती झीज धरली जाते.

ज्यांच्यावर ही पाळी आलीच आहे त्यांनी राज्याची कर-सवलत विसरू नये. २०२३ च्या कायद्यानं ती वाढली. राहत्या घराच्या नापास सिस्टिमसाठी खर्चाच्या ६० टक्के, खर्च ३०,००० डॉलरपर्यंत धरून, म्हणजे जास्तीत जास्त १८,००० डॉलर, आणि वर्षाला ४,००० पर्यंत करातून वजा करता येतात. टॅक्स सॉफ्टवेअर हा प्रश्न आपणहून विचारेलच असं नाही, तेव्हा शेड्यूल एससी शोधून भरावं. अनेक गावं कमी व्याजानं कर्जही देतात. त्यासाठी काम सुरू करण्याआधी टाउन हॉलमध्ये चौकशी करावी, नंतर नव्हे. आणि घर विकायचा बेत असेल तर तपासणीचा दाखला दोन वर्षं चालतो. दरवर्षी उपसल्याची पावती असेल तर तीन वर्षं.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांनी आधी टाउनच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे जाऊन आपल्या घराचा "ॲज-बिल्ट" नकाशा मागावा. टाकी कुठे, बॉक्स कुठे, फील्ड कुठे हे त्यात मोजून दाखवलेलं असतं. शेवटची उपसणी कधी झाली याची नोंदही तिथेच मिळू शकते, कारण पंपवाल्याला ती द्यावी लागते. पंपवाला आला की नुसतं उपसून घेऊ नका. आधी गाळ आणि साय किती आहे ते मोजायला सांगा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव हिश्श्याच्या वर, म्हणजे चार फुटांत एक फुटाच्या वर असतील, तर पुढच्या वेळी लवकर बोलवावं लागेल. बाहेर जाणाऱ्या पाइपावर फिल्टर असेल तर तो धुऊन घ्या, नसेल तर बसवून घ्या. झाकण जमिनीत खोल असेल तर त्याच वेळी रायझर लावून वर आणा, म्हणजे दर वेळी खणण्याचे पैसे वाचतील. हे सगळं नोव्हेंबर संपायच्या आत उरकावं. एकदा जमीन गोठली की झाकण शोधायला कुदळही चालत नाही, आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पंपवाल्यांचे फोन लागत नाहीत.